मढं कुणाच्या ताब्यात, लेखणी कुणाच्या हातात

पावसाळा सरला की आंबोलीतली गर्दी ओसरते. घाटमाथ्यावरच्या जंगलात मग दिवसाढवळ्याही फारसं कुणी फिरकत नाही. नोव्हेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून एक प्रेत तिथवर नेऊन जाळण्यात आलं. सांगली शहर पोलीस ठाण्यात लुटीच्या आरोपावरून आणलेल्या अनिकेत कोथळे या तरुणाचं ते प्रेत. ६ नोव्हेंबरच्या रात्री कोठडीत बेदम मारहाण झाली, त्यात तो मेला, आणि ज्यांच्या ताब्यात तो जिवंत होता त्यांनीच त्याच्या मढ्याची विल्हेवाट लावली, असं राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं (सीआयडीचं) म्हणणं. ठाण्यातून बाहेर आलेली गोष्ट मात्र निराळी होती: दोन आरोपी कोठडीतून पळाले. घरच्यांचा त्यावर विश्वास बसला नाही, सोबतचा दुसरा आरोपी खरं काय ते बोलला, आणि दोन दिवसांत ती गोष्ट कोसळली.

त्या रात्री दोन कामं झाली. एक, प्रेत नाहीसं करण्याचं. दुसरं, कागद रंगवण्याचं. कोठडीत किंवा ‘चकमकीत’ माणूस मेल्यावर जी काही चौकशी व्हायची ती या दोनच गोष्टींवर उभी राहते. मढं बोलतं आणि कागद बोलतो. दोन्ही एकाच हातात असतील तर तिसरं कुणी बोलायला उरत नाही. ‘निःपक्षपाती चौकशी झालीच पाहिजे’ ही ओळ आपण मोर्चांच्या फलकांवर इतक्यांदा वाचली आहे की ती गुळगुळीत झाली आहे. पण तिचा माग काढत मागे गेलं की दिसतं, गेली दीडशे वर्षं कायदा एकच गोष्ट करू पाहतोय. मारणाऱ्याच्या हातातून मढं आणि लेखणी काढून घ्यायची. दर खेपेला एखादं बोट सुटतं, मूठ काही उघडत नाही.

सुरुवात करावी ती पंचनाम्यापासून. शब्दच बघा: ‘पंच’ आपल्या गावगाड्यातला, ‘नामा’ फारसी दफ्तरातला. जुन्या गावनिवाड्यांत महजरावर हजर असलेल्यांची नावं यायची, गोतसभेत गोत बसायचं, त्या रीतीची पुसटशी आठवण या शब्दात आहे. घडलं ते चारचौघांसमोर घडलं आणि चारचौघांनी त्याखाली आपलं नाव घातलं, असा त्याचा अर्थ. इंग्रजांच्या फौजदारी संहितेनं हीच कल्पना घेतली आणि ती पोलिसाच्या हवाली केली. संशयास्पद मृत्यू झाला की फौजदारानं जागेवर जावं, आसपासचे दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत आणि त्यांच्यासमोर प्रेताचं वर्णन लिहावं.

प्रत्यक्षात हे कसं होतं ते तालुक्याच्या कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला पाहायला मिळतं. शवागाराच्या पायरीवर हवालदार कागद मांडीवर घेऊन बसलेला असतो. पंच म्हणून चहाच्या टपरीवरचा एक जण आणि नातेवाइकांबरोबर आलेला एक जण. मजकूर ठरलेला: आम्ही खाली सह्या करणारे पंच, बोलावल्यावरून हजर झालो. मग प्रेताची दिशा, डोकं कुठल्या बाजूला, अंगावर कपडे कोणते, डोळे उघडे की मिटलेले, मुठी आवळलेल्या की सैल, जखमा कुठे आणि केवढ्या. शेवटी पंचांचं मत: मरण कशानं आलं असावं. सांगणारा हवालदार, लिहिणारा हवालदार, आणि पंचांचं काम उरतं ते सहीचं. ‘एडी दाखल’, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद झाली, की नातेवाइकांना मढं मिळतं. साप चावून मेलेल्या माणसाबाबत ही पद्धत चालून जाते. पण मरण ठाण्याच्याच भिंतींआड आलं असेल, तर त्याच ठाण्याच्या हवालदारानं लिहिलेल्या पंचनाम्याला काय किंमत?

हा प्रश्न इंग्रजांनाही ठाऊक होता. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि कबुलीसाठी रयतेचा छळ होतो, या तक्रारींवर एक आयोग बसला आणि त्यानं १८५५ साली छळ होतो हे कबूल केलं. पुढं १८६० च्या दंडसंहितेत कबुलीसाठी दुखापत करणं हा वेगळा गुन्हा ठरला. कलम ३३० खाली दिलेल्या उदाहरणांतलं पहिलंच उदाहरण पोलीस अधिकाऱ्याचं आहे. कायदा लिहिणाऱ्यांना आरोपी म्हणून सगळ्यांत आधी कोण आठवला, ते यावरून कळावं.

१८७२ च्या पुरावा कायद्यानं त्याहून मोठं पाऊल उचललं: पोलिसापुढं दिलेली कबुली न्यायालयात चालणार नाही. स्वतःच्याच पोलिसावर सरकारनं दाखवलेला एवढा अविश्वास दुसऱ्या कुठल्या कलमात सापडणं कठीण. मात्र दोनच पावलांवर कलम २७ ची खिडकी ठेवली. आरोपीनं सांगितलेल्यातून एखादी वस्तू सापडली, तर तेवढं सांगणं चालेल. मग काय, चोरीचा माल ‘काढून देण्यासाठी’ आरोपीला बोलतं करायचं, हा ठाण्यातला धडाच झाला. निवेदन पंचनामा, मुद्देमाल हस्तगत, तपास पूर्ण. कोठडीतल्या मरणांच्या बातम्या वाचताना एक गोष्ट लक्षात येते: मेलेला माणूस पुष्कळदा मोठा गुन्हेगार नसतो, किरकोळ चोरीचा संशयित असतो. त्याच्या पाठीवरच्या वळांचा उगम या खिडकीत आहे. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती उघडीच आहे, फक्त कलमाचा आकडा बदलला.

१८९८ च्या फौजदारी संहितेनं मढ्याकडे लक्ष दिलं. पोलिसांच्या ताब्यात माणूस मेला तर दंडाधिकाऱ्यानं चौकशी करावी, गरज पडली तर पुरलेलं प्रेत उकरून पाहावं, असं कलम १७६ सांगत होतं. कागदावर झकास. पण तालुक्याचा दंडाधिकारी म्हणजे कोण? मामलेदार. महसूलही त्याचा, बंदोबस्तही त्याचा, आणि चौकशीही त्याचीच.

याचा अर्थ काय होतो ते जुन्या सातारा जिल्ह्यानं १९४२ च्या सप्टेंबरात पाहिलं. तेव्हा सांगलीचा बराचसा मुलूख साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीवर परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा गेला. गोळीबार झाला आणि घार्ग्यांसह नऊ माणसं गेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे पडले. मोर्चा ज्या कचेरीवर, त्याच कचेरीत तालुक्याचा दंडाधिकारी बसलेला. अशा मरणांची नोंद अखेर लोकांनीच ठेवली. वडूजचा हुतात्मा स्तंभ हा लोकांनी लिहिलेला पंचनामाच आहे. आधी नावं, खाली तारीख.

पुढच्या वर्षी २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून निघाले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव गोळ्यांना बळी पडले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली. फेब्रुवारी १९४६ मध्ये शिराळ्याच्या डोंगरात नागनाथअण्णा नायकवडींच्या तुकडीची पोलिसांशी गाठ पडली, त्यात किसन अहिर आणि नानकसिंग पडले. ही खरीखुरी चकमक होती. चकमकीचा दगड एकट्यानं ठिणगी पाडत नाही, त्याच्यावर दुसरं काही आपटावं लागतं. तिथे दोन्हीकडून गोळ्या सुटत होत्या. पुढं हा शब्द ज्या अर्थानं रुळला, त्यात गोळी एकीकडूनच सुटू लागली आणि ठिणगी फक्त कागदावर पडू लागली.

याच मातीत आणखी एक प्रयोग झाला, त्याच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदान मंडळं नेमली. कुंडल, वाळवा आणि वारणा-कृष्णाकाठच्या शेकडो गावांत लोक मामलेदाराकडे न जाता यांच्याकडे तंटे नेऊ लागले. सावकार, दरवडेखोर, खबरे यांना शिक्षा झाल्या. ‘पत्री सरकार’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते त्या शिक्षेमुळेच. आजही या भागात जुनी माणसं अभिमानानं सांगतात की तेव्हा बाई एकटी रात्री जाऊ शकायची. अभिमान रास्त आहे. ते युद्ध परक्या सत्तेशी होतं आणि न्याय बऱ्याच अंशी गावासमोर होत होता. तरीही पकडणारा, ठरवणारा आणि ठोकणारा एकाच गटाचा असला की चूक झाल्यावर दाद कुठे मागायची, हा प्रश्न तिथेही होता. त्या काळाची आठवण आपल्या मनात एक सोपं समीकरण ठेवून गेली: वाईट माणसाला कोर्टाबाहेर ठोकला तर बरंच झालं. स्वातंत्र्यानंतर ते समीकरण खाकी वर्दीला आयतं मिळालं.

गंमत म्हणा की दैवगती, प्रतिसरकारच्या मुलखानंच पुढं राज्याला नेते दिले. भूमिगत राहून पोलिसांना हुलकावणी देणारे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, नंतर देशाचे गृहमंत्री. खांद्यात पोलिसांची गोळी घेतलेले वसंतदादा मुख्यमंत्री झाले. तासगावजवळच्या अंजनीचे आर. आर. पाटील कितीतरी वर्षं गृहमंत्री होते. पोलिसाची लाठी कशी लागते हे ठाऊक असलेल्या पिढीच्या हाती पोलीस खातं आलं, पण मढं आणि लेखणी यांच्या मालकीचा नियम फारसा हलला नाही. १९५१ साली मुंबई राज्यानं न्याय आणि प्रशासन यांची फारकत करणारा कायदा केला खरा, पण कोठडीतल्या मृत्यूची चौकशी मात्र कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे किंवा तहसीलदाराकडेच राहिली. ज्या उपअधीक्षकाबरोबर गणपतीच्या बंदोबस्ताची बैठक घ्यायची, त्याच्याच माणसांची चौकशी प्रांतानं करायची. मुंबई शहरात निदान १८७१ च्या कायद्याखाली अशा मृत्यूंची चौकशी करणारा कोरोनर तरी होता. तोही १९९९ मध्ये बंद झाला.

दरम्यान मुंबईत १९८२ च्या जानेवारीत वडाळ्याला गुंड मन्या सुर्वे पोलिसांकडून मारला गेला आणि ‘एन्काउंटर’ हा शब्द मराठीत घरचा झाला. नव्वदीत तर त्याला वलय आलं. कुणी किती टिपले याचे आकडे वर्तमानपत्रांत धावफलकासारखे छापले जाऊ लागले. आपणही ते तसेच वाचले.

आर. आर. पाटील गृहमंत्री असतानाच, ११ नोव्हेंबर २००६ रोजी, लखन भैया ऊर्फ रामनारायण गुप्ता वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ ‘चकमकीत’ मारला गेल्याचं जाहीर झालं. या प्रकरणातली एक बारीकशी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. लखनचा भाऊ वकील होता. भावाला वाशीतून उचलून नेल्याचं कळताच त्यानं पोलिसांच्या वरिष्ठांना तारा आणि फॅक्स पाठवले. चकमकीची गोष्ट जाहीर होण्याआधीच पोलिसांच्या बाहेरच्या हातानं लिहिलेला, वेळ छापलेला कागद तयार झाला होता. पुढं उच्च न्यायालयाच्या आदेशानं दंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली, विशेष पथक नेमलं गेलं. २०१३ मध्ये तेरा पोलिसांसह एकवीस जण दोषी ठरले, आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं तेव्हा निर्दोष सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांनाही जन्मठेप दिली. सतरा वर्षांहून अधिक काळ गेला. खटल्यातला महत्त्वाचा साक्षीदार मधल्या काळात साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेहच सापडला. तरीही खटला टिकला, कारण पहिला कागद आरोपींच्या हातचा नव्हता.

सुधारणा होत गेल्या हेही सांगायला हवं. १९९३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आला आणि कोठडीतल्या मृत्यूची खबर चोवीस तासांत द्या, असा त्याचा दंडक निघाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालानं अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. जून २००६ पासून कलम १७६ मध्ये उपकलम १-अ लागू झालं. कोठडीत मृत्यू, बेपत्ता होणं किंवा बलात्कार झाला तर चौकशी आता प्रांत नव्हे, न्यायदंडाधिकारी करतील, आणि मृतदेह चोवीस तासांत शल्यचिकित्सकाकडे जाईल. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं सर्वांत मोठं पाऊल हे. २०१४ च्या २३ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात चकमकींसाठी सोळा सूचना दिल्या: तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी सक्तीची, आणि संबंधितांचं शौर्य संशयापलीकडे ठरेपर्यंत पाळी सोडून बढती नाही, शौर्यपदक नाही.

आता पुन्हा आंबोलीकडे या. २००६ चं कलम मृतदेह चोवीस तासांत डॉक्टरकडे द्या म्हणतं. मृतदेहच नसेल तर? त्या रात्रीच्या दीडशे किलोमीटरच्या प्रवासाचं कारण इथे आहे. कायद्यानं मढं आपल्या ताब्यात मागितलं, म्हणून मढंच नाहीसं करायचं. आधीच्या पिढीतल्या मारेकऱ्याला ही तसदी घ्यावी लागत नव्हती, पंचनामा त्याच्याच ठाण्यात व्हायचा. विधी आयोगानं छळविरोधी स्वतंत्र कायद्याची शिफारस करणारा आपला २७३ वा अहवाल केंद्राला दिला तो ऑक्टोबर २०१७ अखेरीस, म्हणजे सांगलीच्या त्या रात्रीच्या आठवडाभर आधी. छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारतानं सही केली १९९७ मध्ये. त्याला मान्यता देणारा कायदा मात्र अजून झालेला नाही. २०१० मध्ये लोकसभेनं विधेयक मंजूर केलं, पुढं ते बारगळलं.

सांगलीनं मात्र तेव्हा गप्प बसायचं नाकारलं. शहर बंद राहिलं, तपास जिल्हा पोलिसांकडून काढून सीआयडीकडे गेला, पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला, जळालेल्या अवशेषांवरून ओळख पटवण्यात आली. ज्या ठाण्यात मारहाण झाली त्या ठाण्याबाहेर तपास गेला म्हणून हे शक्य झालं.

साताऱ्याला चौकशीची वाट पाहणं वेगळ्या वाटेनं माहीत आहे. साताऱ्याचे अंधश्रद्धा निर्मूलन कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात मारले गेले. मारणारे पोलीस नव्हते, पण कोर्टाबाहेर ‘निकाल’ लावणारेच होते. तपास सीबीआयकडे जावा म्हणून उच्च न्यायालयात जावं लागलं. मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. गोळ्या झाडणारे सापडले, सूत्रधारांपर्यंत तपास पोचला नाही. उशिरा सुरू झालेला स्वतंत्र तपास पाऊलखुणा पुसल्यावर माग काढायला निघालेल्या माणसासारखा असतो.

पीयूसीएलचा निकाल लागला त्याला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूरच्या चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. मिठाई वाटली गेली. आरोप भयंकर होता, लोकांचा संताप खरा होता. पण जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालानं पाच पोलिसांना त्या मृत्यूला जबाबदार धरलं. मेलेल्या आरोपीवर खटला चालत नाही. त्या चिमुरड्यांच्या घरच्यांना कोर्टाचा निकाल मिळायचा राहिला तो राहिलाच.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत आंदोलनानंतर अटक झालेला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदन परभणीत न करता छत्रपती संभाजीनगरला झालं. अंगावरच्या अनेक जखमांमुळे आलेल्या शॉकनं मृत्यू, असं त्यात निघालं. गुन्हा दाखल व्हायला मात्र जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश लागला, आणि त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे सरकारचं काही चाललं नाही. इथे उरलेलं शेवटचं भोक दिसतं. न्यायदंडाधिकारी चौकशी करतो, अहवाल देतो, आणि पुढं काय? गुन्हा कुणी, कुठल्या ठाण्यात, किती दिवसांत दाखल करायचा हे कायदा स्पष्ट सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत १७६ चं १९६ झालं, भोक तसंच आलं. मढं आता बऱ्याच वेळा दुसऱ्याच्या ताब्यात जातं. लेखणी अजून अडली आहे.

म्हणून मागणी करायची तर नेमकी करावी. अहवाल आल्यावर ठराविक दिवसांत गुन्हा नोंदवण्याची सक्ती हवी. तपास जिल्ह्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे हवा. आणि छळविरोधी कायदा हवा. ‘निःपक्षपाती’ या विशेषणापेक्षा ही तीन वाक्यं सरकारला जास्त अडचणीची ठरतील.

आणि एक काम असं आहे ज्यासाठी विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही. दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसलेला हवालदार उद्या तुम्हालाही पंच म्हणून हाक मारील. घाईत असाल, ‘फक्त सही करायची आहे साहेब’ असं तो म्हणेल. थांबा. चादर बाजूला करून मढं बघा, लिहिलेलं वाचा, दिसलं ते लिहायला लावा. कोऱ्या कागदावर सही करू नका.